तापात उतरलेले चार किलो

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा:

"माझं वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. गेल्या महिन्यात फ्लू झाला. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. पाच दिवस १०२-१०३ ताप होता. तो जाऊन बारा दिवस झाले, तरी दोन मजले चढताना जिन्याच्या वळणावर थांबावं लागतं. शेजारची माणसं बघतात, लाज वाटते. नवऱ्यालाही हाच ताप आला होता, पण तो चौथ्या दिवशी कामावर गेला. तो म्हणतो, घाम गाळ, अंगातला आजार निघून जाईल. आई म्हणते, महिनाभर अंथरूण सोडू नकोस. परवा मनाचा हिय्या करून चाळीस मिनिटं भरभर चालले. त्या दिवशी छान वाटलं, दुसऱ्या दिवशी मात्र उठवेना. दवाखान्यात गेले, तर छाती तपासायच्या आधीच 'वजन कमी करा' असं ऐकावं लागलं. एकच गोष्ट चांगली झाली, तापात चार किलो उतरले. ते परत येऊ नयेत म्हणून आता एकच वेळ जेवते. मला एवढा त्रास माझ्या वजनामुळेच झाला का? आणि व्यायाम कधी सुरू करू?"

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे नंतर वळतो. आधी जे तुम्ही विचारलंच नाही त्याबद्दल बोलतो, कारण ते थांबवायची घाई आहे. एक वेळचं जेवण आजपासून बंद करा. आज रात्री नीट जेवा.

ते चार किलो म्हणजे तुमची चरबी नव्हे. साधा हिशेब मांडू. एक किलो चरबी जाळायची तर साधारण ७७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात, म्हणजे चार किलोंना तीस हजारांहून जास्त. तापात शरीराचा खर्च वाढतो हे खरं, अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने चढलं की तो सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. तरीही पाच दिवस तुम्ही घासभरही खाल्लं नसतं, असं धरलं तरी खर्च दहा-बारा हजारांच्या आसपासच जातो. त्यातून फार तर दीड किलो चरबी गेली असेल, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मग उरलेलं काय गेलं? पाणी गेलं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर गेली. ही साखर स्वतःच्या तिप्पट वजनाचं पाणी धरून ठेवते, ते पाणीही तिच्याबरोबर गेलं. आणि स्नायू गेले. मला काळजी वाटते ती या शेवटच्या गोष्टीची.

संसर्ग झाला की यकृताला घाईने वेगवेगळी प्रथिनं बनवावी लागतात आणि प्रतिकार करणाऱ्या पेशींना वाढायला कच्चा माल लागतो. भूक तर मेलेली असते. मग शरीर मांडीचे, पाठीचे, खांद्याचे स्नायू मोडून तो माल पुरवतं. चरबी हा इंधनाचा साठा आहे, पण तिच्यातून प्रथिनं बनत नाहीत. त्यामुळे अंगावर कितीही चरबी असली तरी आजारात स्नायू मोडायचे ते मोडतातच. जड शरीराच्या माणसाचं हे नुकसान बाहेरून दिसत नाही, इतकंच. बारीक माणसाचे गाल बसलेले दिसले की घरचे त्याला खाऊ-पिऊ घालतात. तुमच्यासारखीला मात्र "बरं झालं, थोडी उतरलीस" असं म्हणतात. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण दोघांच्याही मांड्या तितक्याच रिकाम्या झालेल्या असतात. त्यात तुमच्या मांड्यांना ८८ किलो उचलायचे आहेत. जिन्याच्या वळणावर तुम्ही थांबता त्यात फुप्फुसांचा वाटा आहे, पण मांड्यांचाही मोठा वाटा आहे.

तेव्हा पुढचे सहा आठवडे वजनकाटा बाजूला ठेवा. तिन्ही वेळच्या खाण्यात प्रथिनं असू द्या, पाणी भरपूर प्या, झोप पुरी घ्या. चारपैकी दोन-तीन किलो परत येतील, येऊ द्या. त्यातलं बरंचसं पाणी आणि स्नायू असणार आहेत आणि ते तुम्हाला हवेच आहेत.

आता तुमचा पहिला प्रश्न, वजनामुळेच झालं का. गोड बोलून वेळ मारून नेण्यापेक्षा खरं सांगतो. वजनाचा हात असणार. पण "मुळेच" हा शब्द खोडून टाका.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ जगभर पसरली, तेव्हा डॉक्टरांच्या हे पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं. अतिदक्षता विभागात येणाऱ्यांमध्ये जड शरीराची माणसं प्रमाणाबाहेर जास्त होती, आणि त्यातल्या कित्येकांना दुसरा कुठलाच जुना आजार नव्हता. पुढे निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात संशोधकांनी घराघरांतल्या फ्लूच्या रुग्णांचे नमुने तपासले. २०१८ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या घशा-नाकातून फ्लूचा ए विषाणू इतरांपेक्षा ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत होता. म्हणजे शरीराला त्याला हुसकून लावायला तेवढा वेळ जास्त लागत होता. कोविडच्या काळात इंग्लंडमध्ये ६९ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २३ च्या वर जसजसा चढत गेला तसतशी रुग्णालयात दाखल व्हायची शक्यता वाढत गेली, आणि वजनाचा हा परिणाम तरुणांमध्ये सर्वांत ठळक होता. पण त्याच अभ्यासात २० च्या खालच्या, फार बारीक लोकांनाही धोका जास्त दिसला. तेव्हा बारीक म्हणजे निरोगी, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

हे का घडतं, त्यातलं एक कारण अगदी साधं आहे, जागेचं. पोटातली चरबी श्वासपटलाला वर ढकलते. फुप्फुसांचे खालचे भाग पूर्ण उघडत नाहीत, उताणं झोपल्यावर तर आणखीच कमी. निरोगी असताना हे जाणवत नाही, पण फुप्फुसाला सूज आली, कफ साचला की तेवढीच जागा कमी पडते. दुसरं कारण रसायनांचं आहे. चरबी ही नुसती साठवणीची कोठी नाही. तिच्यातून सूज वाढवणारे संदेश सतत, थोडे थोडे पाझरत असतात. रोज उगाचच अर्धवट वाजणारी धोक्याची घंटा खरी आग लागल्यावर उशिरा ऐकू येते आणि एकदा वाजायला लागली की थांबत नाही. विषाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांत जे इन्टरफेरॉन नावाचं रसायन सुटायला हवं ते मंद सुटतं, आणि पुढची सूज मात्र रेंगाळते. याच्या जोडीला कित्येकदा न कळलेली वाढलेली साखर असते, घोरण्यात मध्येच अडकणारा श्वास असतो. तुमच्या पत्रात या दोन्हींचा उल्लेख नाही. म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब एवढं तपासून घ्या, आणि रात्री झोपेत श्वास अडकतो का, हे नवऱ्याला विचारा.

पण नवरा चौथ्या दिवशी उठला आणि तुम्ही नाही, याचा सगळा हिशेब वजनावर मांडू नका. कोणाच्या श्वासात विषाणू किती गेला, लहानपणी कोणाला फ्लूचा कोणता प्रकार पहिल्यांदा झाला होता, मागच्या काही वर्षांत त्याच्याशी मिळताजुळता विषाणू भेटला होता का, आजाराआधीच्या आठवड्यात झोप किती झाली होती, या सगळ्याने फरक पडतो. एकाच घरात, एकाच वजनाच्या दोन बहिणींनाही सारखा ताप येत नाही.

आणि यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी दवाखान्यात तुम्हाला कोणी सांगितली नाही, ती अशी की विषाणूशी झुंजताना काट्यावरच्या आकड्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, वजन असतं हालचालीच्या सवयीला. कॅलिफोर्नियात ४८,४४० कोविड रुग्णांच्या नोंदी बघितल्या गेल्या. आजारी पडण्याआधी दोन वर्षं डॉक्टरांकडे जाताना त्यांनी आपल्या व्यायामाची जी माहिती दिली होती, ती हाताशी होती. आठवड्याला १५० मिनिटं सातत्याने हालचाल करणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ काहीच न करणाऱ्यांना दाखल व्हायची शक्यता दुपटीहून जास्त होती, आणि मृत्यूची शक्यता जवळजवळ अडीचपट. वजन, वय, मधुमेह यांचा हिशेब वेगळा काढल्यानंतरचे हे आकडे आहेत. अशा अभ्यासात एक मेख नेहमी असते. जो आधीच आजारी आहे तो कमी चालतो, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. पण अमेरिकेत १००२ प्रौढांवर बारा आठवडे लक्ष ठेवलं तेव्हाही, आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्यात गेलेले दिवस ४३ टक्क्यांनी कमी भरले होते. वेगवेगळ्या बाजूंनी बघूनही गोष्ट तीच निघते.

माझ्या मते याचं कारण स्नायूंत आहे. भरभर चालायला लागलं की विषाणूग्रस्त पेशी टिपणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात मोठ्या संख्येने उतरतात आणि तासा-दोन तासांत ऊतींमध्ये पांगतात, जणू गस्तीला निघाल्यासारख्या. आकुंचन पावणारा स्नायू स्वतःही काही रसायनं सोडतो, ती रेंगाळणारी सूज शमवतात. हे सगळं ९२ किलोंच्या शरीरातही घडतं. त्यासाठी आधी बारीक व्हावं लागत नाही.

इथे एक कबुली द्यायची आहे. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही जड शरीराच्या रुग्णाला पहिलं वाक्य हेच ऐकवत असे. एक बाई खोकला घेऊन आल्या होत्या. मी वजनावर बोललो, त्या मान खाली घालून गेल्या आणि परत आल्या नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीकडून कळलं, आई आता कुठल्याच डॉक्टरकडे जायला तयार नाही. त्या खोकल्याचं पुढे काय झालं, हे मला कधीच कळलं नाही, आणि ते मला अजून टोचतं. तुम्हाला जे ऐकावं लागलं ते चुकीचं होतं. सल्ला खोटा नव्हता, पण त्याची वेळ ती नव्हती, आणि छाती तपासायच्या आधी तर नव्हतीच. कृपा करून दुसरीकडे जा, पण जा. आत शिरल्यावर पहिलं वाक्य तुम्हीच बोला: "फ्लूचा ताप जाऊन बारा दिवस झाले, जिना चढताना दम लागतो, आधी छाती आणि हृदय तपासा, वजनाबद्दल नंतर बोलू." असं म्हणणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आता घामाबद्दल. तुमच्या यजमानांचं म्हणणं पुष्कळ जणांचं असतं, आणि ते प्रेमापोटीच बोलत असणार. पण घामातून विषाणू निघून जात नाही. फ्लूचा विषाणू श्वासमार्गाच्या पेशींच्या आत बसलेला असतो. त्याला बाहेर काढतात त्या प्रतिकार करणाऱ्या पेशी, त्वचेची छिद्रं नव्हेत. ताप उतरताना घाम येतो, त्यावरून घाम आणला की ताप उतरतो असा उलटा समज झाला आहे.

आणि तापात जोराचा व्यायाम नुसता निरुपयोगी नसतो, घातकही असतो. पोलिओच्या काळात, १९४० च्या दशकात, ब्रिटनमधले मज्जातंतुतज्ज्ञ रिची रसेल यांच्या लक्षात आलं की पक्षाघाताआधीच्या तापाच्या दिवसांत जे रुग्ण कष्टाची हालचाल करत राहिले, त्यांचा पक्षाघात जास्त तीव्र होता, आणि जे ताप येताच पडून राहिले ते तुलनेने वाचले. १९७० मध्ये हृदयाला सूज आणणाऱ्या कॉक्सॅकी विषाणूचा संसर्ग दिलेल्या उंदरांना पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयातला विषाणू शेकडो पटींनी वाढला आणि ते जास्त संख्येने मेले. २००५ मध्ये फ्लू दिलेल्या उंदरांवर दुसरा प्रयोग झाला. संसर्गानंतरच्या दिवसांत जे उंदीर वीस-तीस मिनिटं सावकाश धावले ते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त जगले, पण अडीच-अडीच तास धावलेल्यांना तसा फायदा मिळाला नाही, उलट त्यांचा त्रास वाढला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे.

माणसांवरचाही एक प्रयोग आहे. १९९८ मध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम साध्या सर्दीचा विषाणू दिला गेला. अर्ध्याहून जास्त जणांनी त्या दहा दिवसांत एक दिवसाआड चाळीस मिनिटं मध्यम व्यायाम केला, बाकीच्यांनी नाही. सर्दीची तीव्रता आणि मुदत दोन्ही गटांत सारखीच राहिली. म्हणजे नुसतं नाक वाहत असेल, ताप नसेल, तर हलका व्यायाम ना तारतो ना मारतो. गळ्याच्या वरची लक्षणं असतील तर थोडं चालायला हरकत नाही. पण ताप, अंगदुखी, छातीत कफ, पोट बिघडलेलं असेल तर व्यायाम बंद. खेळाडूंचे डॉक्टर हाच नियम वापरतात आणि घरच्यांसाठीही तो चांगला आहे.

फ्लूच्या बाबतीत हृदयाची काळजी जास्त घ्यावी लागते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात तपासणीत फ्लू निघालेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण, त्याच लोकांच्या इतर काळाच्या तुलनेत, सहापट होतं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमचे ते दिवस उलटले आहेत आणि तुमच्या वयात मूळ धोकाच लहान असतो, म्हणून घाबरू नका. पण ताप असताना "घाम गाळ" हा सल्ला पुढच्या वेळी घरात कोणालाही, खुद्द यजमानांनाही, देऊ नये एवढं लक्षात ठेवा. तापात नाडी दर अंशाला दहाएक ठोक्यांनी आधीच वाढलेली असते. त्यावर आणखी ओझं कशाला?

मग आईचं बरोबर का? तापाचे पाच दिवस पूर्ण बरोबर होतं. महिनाभर अंथरूण मात्र नको. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा चाचणी झाली. त्या तीन आठवड्यांनी त्यांचा दमसास जितका घसरला होता, तितका पुढच्या तीस वर्षांच्या वयानेही घसरला नव्हता. वय झालेल्यांचं तर विचारूच नका. दहा दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीत निरोगी ज्येष्ठांच्या फक्त पायांतून जवळपास एक किलो स्नायू गेल्याची नोंद आहे. शिवाय पडून राहिलं की पोटऱ्यांत रक्त साकळायचा धोका वाढतो, आणि फुप्फुसांचे खालचे भाग, जे तुमच्या बाबतीत आधीच दबलेले आहेत, ते आणखी मिटतात. दिवसा पाठ टेकून पडण्यापेक्षा खुर्चीत ताठ बसा. आईंना सांगा की खुर्चीत बसणं हीसुद्धा विश्रांतीच आहे.

परवाच्या चाळीस मिनिटांबद्दल आता बोलू. तुम्ही आळशी नाही हेच त्यातून दिसतं. पण आजारानंतर व्यायाम झेपला की नाही, हे त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. चालताना जे छान वाटतं ते काही प्रमाणात उसनं असतं. म्हणून नियम एकच धरा: आज जे केलं त्याने उद्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त थकवा, अंगदुखी किंवा डोकं जड वाटलं, तर ते जास्त झालं. पुढच्या वेळी निम्मं करा.

पुढचे दोन-तीन दिवस फक्त घरातल्या घरात वावरा. मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, इतक्या सावकाश की चालता चालता पूर्ण वाक्यं बोलता यावीत आणि मनात आलं तर गाण्याची एखादी ओळही म्हणता यावी. गाता येत नसेल तर वेग कमी करा. तीन दिवस लागोपाठ दुसऱ्या सकाळी ठीक वाटलं, तर पाच मिनिटं वाढवा. पुन्हा तीन दिवस. आधी वेळ वाढवायची, वेग सगळ्यांत शेवटी. या चालीने अर्ध्या तासापर्यंत पोहोचायला तुम्हाला दोन आठवडे किंवा थोडे जास्त लागतील. घाई करून चार दिवसांत पोहोचलात आणि आठ दिवस आडव्या झालात, तर त्यात काही कमावलं नाही.

चालण्याइतकंच, तुमच्या बाबतीत कदाचित जास्तच, महत्त्वाचं काम खुर्चीवरून उठण्याचं आहे. मजबूत, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घ्या, उठा, पूर्ण उभ्या राहा, सावकाश बसा. सुरुवातीला हातांचा आधार लागला तर घ्या. पाच वेळा उठलात की थांबा, दम खाली बसू द्या, मग पुन्हा पाच. एक दिवसाआड करा. तापात गेलेले मांडीचे स्नायू यानेच परत येतात, आणि तिन्ही वेळच्या खाण्यातली प्रथिनं लागतात ती याचसाठी. खायचं आणि स्नायूला काम द्यायचं, दोन्ही बरोबर हवं. नुसत्या खाण्याने चरबी येईल आणि उपाशीपोटी केलेल्या व्यायामाने स्नायू आणखी मोडेल.

यात कुठेही छातीत दुखलं किंवा दडपण आलं, चक्कर आली, नाडी अवेळी धडधडली किंवा चुकली, बसल्या जागी दम लागला, पायांवर सूज आली, एकाच पोटरीत दुखून ती सुजली, किंवा गेलेला ताप परत आला, तर व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बसल्या जागी दम किंवा छातीत दडपण असेल तर थेट रुग्णालयात जा. फ्लू ओसरल्यावर परत आलेला ताप हा बऱ्याचदा फुप्फुसातल्या जिवाणूंचा असतो, आणि त्याला वेगळं औषध लागतं. हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचं निघालं, तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवावा लागतो. म्हणूनच नुसता "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देऊ नका, एक ईसीजी काढून घ्या.

आणखी एक शक्यता बोलून ठेवतो, कारण तिच्यात चुकीचा सल्ला फार नुकसान करतो. विषाणूच्या आजारानंतर काही थोड्या लोकांत असं होतं की अगदी किरकोळ श्रमानंतर, एखाद-दोन दिवसांनी, सगळं अंग कोसळतं आणि ते दिवसेंदिवस उठत नाही. झोपूनही ताजंतवानं वाटत नाही, शब्द आठवत नाहीत. अशांना "रोज थोडं थोडं वाढवत जा" हे सांगणं चूक आहे. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या आजारासाठी ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम शिफारशींतून काढून टाकला तो यामुळेच. चाळीस मिनिटांनंतरचा तुमचा एक वाईट दिवस म्हणजे हा आजार, असं मी म्हणत नाही. आजारातून उठल्यावर एवढं चाललं तर कोणाचंही तसं होईल. पण दहा मिनिटांच्या संथ चालीनंतरही असं वारंवार व्हायला लागलं, तर मी वर सांगितलेली वाढीची पद्धत सोडा आणि डॉक्टरांशी नेमकं याच शब्दांत बोला. तेव्हा जितकी शक्ती आहे तिच्या आतच राहायचं असतं, तिच्या सीमेवर ढकलत राहायचं नसतं.

वजनाचं काय, हे तुम्ही विचारणारच. सहा-आठ आठवड्यांनी, जिना न थांबता चढता यायला लागल्यावर, त्याचा विचार करू. तेव्हाही लक्ष्य मोठं ठेवायचं कारण नाही. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब आणि झोपेतला श्वास सुधारतात. ९२ चे पाच टक्के म्हणजे चार किलो सहाशे ग्रॅम. तापाने नेले जवळजवळ तेवढेच, पण ते पाच दिवसांत स्नायूंसकट नेले. हे कित्येक महिन्यांत, स्नायू राखून उतरवायचे आहेत. नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही, त्यासाठी खाण्याकडे बघावं लागतं. मग व्यायाम कशाला, तर वर सांगितलं त्यासाठी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचं काम सांगते. काटा हलला नाही तरी त्या मिनिटांचा उपयोग होतोच.

पुढच्या फ्लूच्या हंगामासाठी दोन गोष्टी आताच लिहून ठेवा. पहिली लसीची. ती घ्याच, संसर्ग पूर्ण टळला नाही तरी आजाराची धार कमी होते. जड शरीरात लसीने आलेलं संरक्षण लवकर ओसरतं असं दिसलं आहे, म्हणून एखादं वर्षही चुकवू नका. आणि टोचणाऱ्याला सुईची लांबी विचारा. ९० किलोंच्या वरच्या स्त्रियांना दंडात ३८ मिलिमीटरची सुई सुचवलेली आहे. नेहमीची २५ मिलिमीटरची सुई चरबीतच राहू शकते आणि लस स्नायूपर्यंत पोहोचत नाही. दुसरी गोष्ट औषधाची. फ्लूवरचं विषाणुरोधक औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. बीएमआय ४० किंवा जास्त असणाऱ्यांना तर ते विनाविलंब द्यावं, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. तुमचा ३७ च्या आसपास आहे, तरी पहिल्याच दिवशी फोन करा. वजनाबद्दल बोलणी खावी लागतील म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

आता तो जिना. वळणावर एक छोटं स्टूल ठेवायची परवानगी शेजाऱ्यांना विचारून घ्या. थांबावंसं वाटायच्या आधीच तिथे बसा, एक मिनिट श्वास खाली येऊ द्या, मग पुढचा मजला चढा. रोज किती वेळ बसावं लागलं ते मिनिटांत लिहून ठेवा, आणि खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आलं ते आठवड्यातून एकदा. सहा आठवड्यांनी तो कागद मला पाठवा. वजन त्यावर लिहू नका.